कार्तिकात हिरवळ पिवळी पडते आहे : हुमणी, लष्करी अळी, की आणखी काही?

संगमकाठ (६ नोव्हेंबर, रात्री ९.१०)

नमस्कार. कराडच्या वेशीवर आमचे घर आहे आणि घरापुढे साधारण नऊशे चौरस फुटांची हिरवळ आहे. गवत सिलेक्शन नंबर एक जातीचे असून ते लावून चार वर्षे झाली. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस आहे. यंदा मे महिन्यात आम्ही दोन ट्रॉली लाल माती आणि एक ट्रॉली शेणखत पसरले, पावसाळ्यात गवत दृष्ट लागावी असे वाढले आणि आम्ही निश्चिंत झालो.

गणपतीनंतर उसाच्या बाजूला परातीएवढे तीन पिवळे डाग दिसू लागले. दिवाळीपर्यंत त्यांतला एक डाग बाजेएवढा झाला आणि दिवाळी सरताच फाटकाजवळ चौथा डाग उमटला, तो तर चांगला चौकोनी आहे. सकाळी साळुंक्यांचा थवा उतरतो आणि चोचींनी गवत उचकटतो. रात्री कोणीतरी लहान लहान खड्डेही करते, पण ते कोण हे अजून दिसलेले नाही. आमचे माळीबुवा म्हणतात की ही हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी आहे, थिमेट टाकून पाणी सोडा, आठ दिवसांत विषय संपेल. मात्र याच गवतावर माझी आठ वर्षांची नात दिवसभर अनवाणी फिरते, म्हणून मी त्यांना थांबवले आहे.

१४ डिसेंबरला धाकट्या मुलीचे केळवण अंगणातच करायचे ठरले आहे. थंडी पडण्यापूर्वी कोणता उपाय करावा, आणि तो केल्याने केळवणापर्यंत हिरवळ सावरेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उंटावरचा_शहाणा (६ नोव्हेंबर, रात्री ९.२५)

केळवणाला सतरंज्या अंथराच. डागही झाकले जातील आणि पाहुण्यांची सोयही होईल. गंभीर सल्ला देणारे मागून येतीलच.

मातीमोल (६ नोव्हेंबर, रात्री १०.४०)

उपाय विचारण्यापूर्वी खणून पाहा, एवढीच माझी पहिली विनंती आहे. वीस वर्षे ऊसवाल्यांच्या बांधांवर फिरल्यानंतर मी हे सांगतो की पिवळ्या डागाकडे वरून पाहून कीड ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

खणायचे कुठे, तेही महत्त्वाचे आहे. बहुतेक जण डागाच्या मधोमध खणतात, तिथे काहीच सापडत नाही आणि मग हुमणी नाही असे समजून मोकळे होतात. अळी मेलेल्या मुळांपाशी थांबत नाही, ती जिवंत मुळांकडे सरकते. त्यामुळे पिवळे आणि हिरवे जिथे मिळते त्या कडेवर एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सहा इंच खोल असा चौकोन खुरप्याने कापा, माती गोणपाटावर मोकळी करा आणि अळ्या मोजा. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची अळी दिसली तर ती हुमणीच्या कुळातली. प्रत्येक डागावर एक आणि चांगल्या गवतात एक, असे किमान पाच खड्डे घ्या. चांगल्या गवतातला खड्डा विसरू नका, कारण तुलना त्याच्याशीच करायची आहे.

लष्करी अळीची शंका असेल तर वेगळी परीक्षा आहे. ती अळी दिवसा गवताच्या बुडाशी लपते आणि रात्री वरची पाती कुरतडते, मुळांना हात लावत नाही. भांडी घासण्याचा पातळ साबण दोन मोठे चमचे घेऊन सहा-सात लिटर पाण्यात मिसळा आणि ते पाणी एक चौरस मीटर जागेवर झारीने ओता. दहा मिनिटांत लष्करी अळ्या आणि माती पोखरणारे रातकिडे वर येतात. हुमणी मात्र साबणाला दाद देत नाही, तिच्यासाठी खुरपेच हवे.

शेवंती_सासवड (७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५)

मातीमोल यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, कारण न खणता औषध टाकण्याची चूक मी केलेली आहे. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या हिरवळीवर रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके पडले. मी माळ्याचे ऐकून कीटकनाशक ओतले, पंधरा दिवसांनी पुन्हा ओतले, आणि ठिपके वाढतच गेले. अखेर एका पहाटे दव पडलेले असताना बाहेर आले, तर प्रत्येक ठिपक्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी तार पसरलेली होती आणि ऊन चढताच ती नाहीशी झाली. ती बुरशी होती. दिवसभर दिसत नाही आणि पहाटे कोणी उठून पाहत नाही, त्यामुळे सगळा दोष किड्यांच्या माथी जातो. मी संध्याकाळचे पाणी बंद करून सकाळचे सुरू केले, वाढलेले गवत नीट कापून घेतले आणि महिन्याभरात गवत सुधारले. औषधाचे पैसे मातीत गेले ते वेगळेच.

आणखी एक सोपी खूण अशी की डागावरचे गवत दोन्ही हातांनी धरून हलकेच ओढावे. हुमणीने मुळे खाल्लेली असतील तर गवत सतरंजी गुंडाळावी तसे उचलले जाते. बुरशीत किंवा कुत्र्याच्या मुताने जळलेल्या जागेत ते असे उचलले जात नाही. कुत्र्याच्या डागाभोवती तर गर्द हिरवे कडेही असते.

शेवटचा प्रश्न : फाटकाजवळचा तो चौकोनी डाग मला पटत नाही. अळ्या चौकोन आखून खात नाहीत. तिथे काही ठेवले होते का?

रोखठोक (७ नोव्हेंबर, दुपारी १२.०५)

इतके खड्डे खणून कोण बसणार? साळुंक्या उतरतात, गवत उपटून येते, शेजारी ऊस आहे, म्हणजे हुमणीच. आमच्या वडिलांनी तीस वर्षे उसात थिमेट टाकले आणि कोणाला काही झाले नाही. माळीबुवांचे ऐकावे, नातीला आठ दिवस घरात ठेवावे.

मातीमोल (७ नोव्हेंबर, दुपारी १.३०)

रोखठोक, वडिलांच्या काळात ते कायदेशीर होते, आज नाही. थिमेट म्हणजे फोरेट. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात फोरेटची विक्री आणि वापर बंद आहे. आज कोणी ते देत असेल तर ते जुना साठा किंवा नकली माल देत आहे. डब्यावर लाल त्रिकोण असलेली जी औषधे अतिविषारी गटात मोडतात, त्यांत त्याची गणना होती. ते मुळांवाटे झाडात भिनते, स्पर्शानेही अंगात जाते आणि पक्ष्यांना फार घातक असते. ज्या हिरवळीवर साळुंक्या अळ्या वेचत आहेत आणि मूल अनवाणी चालत आहे, तिथे ते टाकण्याचा विचारही नको. आठ दिवस हा हिशेब कोणी कुठून काढला, तेही मला समजत नाही.

हुदहुद (७ नोव्हेंबर, दुपारी ४.५०)

साळुंक्यांना तक्रारीच्या यादीतून वगळावे, ही पक्षीनिरीक्षकाची विनंती. त्या गवत उचकटतात ते गवतासाठी नव्हे. त्यांनी उचकटलेले गवत आधीच मुळापासून सुटलेले असते, म्हणून ते इतक्या सहज निघते. या दिवसांत लांब वाकड्या चोचीचा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा मिरवणारा हुदहुद दिसला तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो चार पावले चालतो, थांबतो, चोच पार बुडापर्यंत मातीत खुपसतो आणि अळी घेऊन बाहेर काढतो. तो जिथे पुन्हा पुन्हा चोच घालतो, तिथे मातीमोल यांचा चौकोन आखावा.

रात्रीच्या खड्ड्यांबद्दल : भोक मोठे असेल आणि शेजारी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस असावी. नुसतेच उथळ उकरलेले असेल तर भटके कुत्रे किंवा मुंगूस असू शकते, पण मुंगूस दिवसा फिरते.

एडिसनकर (८ नोव्हेंबर, पहाटे ५.२०)

न्यू जर्सीहून लिहितो आहे, त्यामुळे वेळेकडे पाहून दचकू नये. आमच्याकडे हाच रोग वेगळ्या नावाने येतो. जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, आमच्याच राज्यातल्या रिव्हरटन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत. त्यामुळे या किडीच्या बाबतीत न्यू जर्सीला माहेरचा मान आहे, फक्त तो कोणी मिरवत नाही.

माझी पहिली हिरवळ मी नोव्हेंबरमध्येच गमावली. ऑक्टोबरअखेर डाग दिसले, रात्री स्कंक नावाचा प्राणी येऊन गवत उलथून जाऊ लागला, आणि मी घाबरून दुकानातले सर्वांत महाग पोते आणून पसरले. काहीही झाले नाही. नंतर इथल्या विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले की जमिनीचे तापमान पाहिले होते का. माती गार होऊ लागली की अळ्या खाणे थांबवून चार ते आठ इंच खाली जातात आणि एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. मी वरच्या इंचभर मातीत औषध टाकत होतो आणि अळ्या त्याखाली निवांत झोपल्या होत्या. भुंगेरे जुलैत अंडी घालतात आणि ऑगस्टमध्ये अळ्या लहान असतात, उपायाची वेळ तीच असते. नोव्हेंबरमध्ये दिसते ते नुकसान उन्हाळ्यातले असते.

आता मी शरदात दोनच कामे करतो. पानगळीची पाने हिरवळीवर साचू देत नाही, आणि खत द्यायचे ते १५ नोव्हेंबरच्या आत देतो, कारण त्यानंतर १ मार्चपर्यंत घरमालकाने हिरवळीला खत घालण्यास आमच्या राज्यात कायद्यानेच बंदी आहे. कराडला हे नियम लागू नाहीत, पण वेळेचा हिशेब लागू असावा असे वाटते. मातीमोल यांनी सांगावे.

मातीमोल (८ नोव्हेंबर, सकाळी ९.००)

हिशेब लागू आहे, कारण मात्र थंडी नव्हे. आपल्याकडची सर्वांत परिचित हुमणी होलोट्रायकिया, तिचे चक्र पावसाशी बांधलेले आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात, पाला खातात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. अंडी जूनमध्ये पडतात, जुलैत अळ्या तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या असतात आणि त्या वेळी त्या कशानेही मरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यांची शेवटची अवस्था असते. तेव्हाच त्या सर्वांत जास्त खातात आणि तेव्हाच आपल्याला डाग दिसतो. नोव्हेंबरपासून पूर्ण वाढलेली अळी खोल जाऊन मातीचे घर करते आणि कोषात जाते. त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच दबा धरून बसतो.

कराडकरांसाठी एक पुरवणी : कृष्णेच्या खोऱ्यात नदीकाठच्या जमिनींत ल्युकोफोलिस नावाची आणखी एक हुमणी आहे. तिची अळी चांगली अंगठ्याएवढी जाड होते आणि तिचे भुंगेरे झाडावर पाला खायला येत नाहीत. त्यामुळे तुमच्याकडे कोणती आहे यावर जूनमधले काम अवलंबून राहील.

दुष्काळी (८ नोव्हेंबर, सकाळी ११.३५)

माण तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे हंड्यांच्या रांगा लागतात आणि इथे गवताच्या आजारावर चर्चासत्र भरले आहे, हे वाचून काय वाटले ते लिहीत नाही. विषय सोडायचा नाही म्हणून विषयाला धरूनच बोलतो. उन्हाळ्यात रोज पाणी पाजून मऊ ठेवलेली जमीन हे भुंगेऱ्यांना अंडी घालण्याचे आमंत्रणच नाही का? आसपासची जमीन कोरडी असेल तर मादी ओल शोधतच येणार. हरळी ही आपल्या मातीतली आहे, ती चैत्रात करपते आणि मृगात पुन्हा उठते. तिला बारमाही हिरवी ठेवण्याचा हट्ट माणसाचा आहे.

मातीमोल (८ नोव्हेंबर, दुपारी १२.१०)

दुष्काळी, ओलीचा मुद्दा बरोबर आहे. वळीव एकदाच पडून पुढे ओढ दिली, तर पाणी दिलेल्या हिरवळीत अंडी जास्त पडतात. एरवी पावसाळा नीट सुरू झाला की सगळीच जमीन ओली असते आणि हिरवळ वेगळी उठून दिसत नाही. रोज थोडे थोडे पाणी देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात आणि थोडी कुरतडली गेली तरी गवत तग धरते.

संगमकाठ (१० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५)

सर्वांचे आभार. काल रविवारचा मुहूर्त साधून खणले. माळीबुवा आधी नाराज होते, पण दुसऱ्या खड्ड्यानंतर तेच माझ्या हातातून खुरपे घेऊन पुढे झाले.

उसाच्या बाजूच्या तीन डागांच्या कडांवर अनुक्रमे ११, ९ आणि ६ अळ्या मिळाल्या. हिरव्यागार मधल्या भागात एक मिळाली. शेवंतीताईंनी सांगितल्याप्रमाणे मोठ्या डागावरचे गवत ओढले तर दोन हातांचा पट्टा अलगद उचलला गेला, खाली मुळांचा मागमूस नव्हता आणि माती चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत झाली होती. अळ्या करंगळीएवढ्या आहेत, अंगठ्याएवढी एकही नाही. साबणाच्या पाण्याने तीन गांडुळे आणि एक रातकिडा वर आला, लष्करी अळी नाही.

फाटकाजवळच्या चौकोनी डागात शून्य. गवत ओढून पाहिले तर घट्ट होते. शेवंतीताईंचा प्रश्न मी घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि नात खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, तिथे प्रतापगड होता." मुलांनी दिवाळीत त्या जागेवर विटा, पोती आणि लाल माती रचून किल्ला केला होता आणि तो बारा दिवस तिथे उभा होता. मी रोज त्याचे कौतुक करत होतो आणि डाग पाहून हुमणीला शिव्या देत होतो.

आणखी एक प्रश्न : परसातल्या खतखड्ड्यात याहून जाड, करड्या-पांढऱ्या अळ्या शेकड्यांनी आहेत. तिथूनच हे सगळे पसरले का? तो खड्डा रिकामा करून जाळावा का?

उंटावरचा_शहाणा (१० नोव्हेंबर, सायंकाळी ७.००)

प्रतापगडाच्या पायथ्याशी आजवर अनेक बलाढ्य शत्रू गारद झाले, परंतु सिलेक्शन नंबर एक गारद झाल्याची ही पहिलीच नोंद असावी.

मातीमोल (१० नोव्हेंबर, रात्री ८.२०)

खतखड्डा जाळू नका. त्यातली एक अळी सपाट फरशीवर ठेवा आणि ती कशी चालते ते पाहून इथे लिहा.

संगमकाठ (१० नोव्हेंबर, रात्री ८.५५)

विजेरीच्या उजेडात आत्ताच पाहिले. अळी उलटी झाली, पाय आकाशाकडे करून पाठीवरच सरपटू लागली आणि बघता बघता दीड फरशी ओलांडून गेली. शेजारी हिरवळीतली अळी ठेवली होती, ती कुशीवर वळून जागच्या जागी पडून राहिली. घरातली सगळी मंडळी हा खेळ पाहायला जमली होती.

मातीमोल (१० नोव्हेंबर, रात्री ९.३०)

पाठीवर चालणारी अळी फुलांवरच्या भुंगेऱ्यांची. ती कुजलेला पालापाचोळा आणि शेण खाते, जिवंत मुळांना लागत नाही, उलट खत लवकर करून देते. खतखड्ड्यात कधी कधी गेंडा भुंग्याच्या खूप मोठ्या अळ्याही असतात. त्या हिरवळीला त्रास देत नाहीत, पण जवळपास नारळ असेल तर त्या वेचून काढाव्यात, कारण त्यांचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो. तुमचा खड्डा निर्दोष सुटला.

आता उपायाकडे येतो. एका चौरस फुटात पाचच्या आत अळ्या असतील तर निरोगी गवत ते सोसते, दहाच्या आसपास आल्या की सोसत नाही, असे ढोबळ मान हिरवळीसाठी धरतात. तुमचे दोन डाग त्या रेषेवर आहेत आणि तिसरा मधोमध. क्षेत्र लहान आहे, तेव्हा औषधाच्या भानगडीत न पडता हाताने काम करा. सुटलेले गवत सतरंजीसारखे गुंडाळून बाजूला ठेवा, खालची अर्धा फूट माती उलटीपालटी करा, दिसतील त्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि एक सकाळ ती माती उघडी सोडा. उरलेल्या साळुंक्या पाहतील.

शेवंती_सासवड (११ नोव्हेंबर, सकाळी ७.४०)

या वेळी मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, घालावे की नाही? गेल्या वर्षी मी नोव्हेंबरमध्येच ही बुरशी शेणखतात मुरवून घातली होती आणि यंदा हुमणी जवळजवळ नाही, म्हणून विचारते.

मातीमोल (११ नोव्हेंबर, सकाळी ८.३०)

ताई, एक पट्टा न घालता तसाच सोडला होता का? सोडला नसेल तर श्रेय बुरशीचे, पावसाचे की पक्ष्यांचे, हे ठरवता येणार नाही. मेटारायझियम चांगले आहे, मी स्वतः सांगतो, पण त्याला ओल, ऊब आणि लहान अळी लागते. अळीला मारणाऱ्या सूत्रकृमींचेही, ज्यांना दुकानात ईपीएन म्हणतात, तेच आहे. ते जिवंत असतात, उन्हात मरतात, म्हणून संध्याकाळी ओल्या जमिनीत सोडावे लागतात आणि नंतरही काही दिवस ओल टिकवावी लागते. नोव्हेंबरच्या मध्यावर बऱ्याच अळ्या खोल गेलेल्या असतात. दोन्हींचे पैसे जुलैसाठी राखून ठेवावेत असे माझे मत आहे. बुरशी आणायची असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या विक्री केंद्रातून ताजी आणा आणि पाकिटावरची तारीख वाचा, कारण शिळे पाकीट म्हणजे नुसती पावडर.

शेवंती_सासवड (११ नोव्हेंबर, सकाळी ८.४५)

पट्टा सोडला नव्हता. मुद्दा मान्य, पण माझा विश्वास अजून डळमळलेला नाही. येत्या वर्षी पट्टा सोडून पाहीन.

रोखठोक (११ नोव्हेंबर, दुपारी १.१५)

हाताने वेचणे मलाही पटले. मात्र नवे गवत कुठून आणणार, हे कोणी सांगितलेले नाही. तयार गादीचे तुकडे आणणार असाल तर प्रत्येक तुकडा उलटा करून खालची माती पाहा. माझ्या मेहुण्यांनी एका रोपवाटिकेतून चारशे चौरस फूट तयार हिरवळ आणली आणि तिच्यासोबत हुमणीही विकत आणली. शेणखताचेही तेच. उकिरड्यावरचे अर्धे कच्चे शेणखत ट्रॉली भरून आणले की काय काय येते, ते मी गावाकडे रोज पाहतो. तुमच्या मे महिन्यातल्या ट्रॉलीवर माझा पहिला संशय आहे, उसावर दुसरा.

मातीमोल (११ नोव्हेंबर, दुपारी २.००)

रोखठोक यांच्याशी या वेळी मी सहमत आहे, याची नोंद व्हावी. फक्त क्रम मी उलटा लावीन. डाग उसाच्या बाजूलाच आहेत, खत मात्र सगळीकडे पसरले होते.

हुदहुद (११ नोव्हेंबर, रात्री ९.०५)

माती उघडी ठेवाल त्या सकाळी कोण कोण आले, ते मोजून कळवावे. गायबगळे आले तर मला आनंद होईल.

संगमकाठ (१८ नोव्हेंबर, रात्री ८.३०)

तीन डाग मिळून १७३ अळ्या निघाल्या. नातीने मोजल्या, म्हणून आकडा पक्का समजावा. खालच्या थरात मातीच्या कवचात बसलेले सात कोषही मिळाले, म्हणजे खोल जाण्यास सुरुवात झाली होती. साळुंक्या अठरा, कावळे पाच, एक भारद्वाज आणि दोन गायबगळे आले होते. माती दाबून सपाट केली, दोन मुठी निंबोळी पेंड प्रत्येक चौरस मीटरला मिसळली आणि तयार गादी न आणता आमच्याच हिरवळीच्या चांगल्या कोपऱ्यातले ठोंब काढून चार-चार बोटांवर टोचले. प्रतापगडाच्या जागी फक्त पाणी देतो आहे, तिथे आपोआप फुटवे येत आहेत. रात्रीचे खड्डे करणारे शेजारचेच कुत्रे निघाले, अळ्या संपल्यापासून ते येत नाही.

संगमकाठ (१६ डिसेंबर, सकाळी १०.००)

केळवण निर्विघ्न पार पडले. टोचलेले गवत जगले आहे, पण थंडीमुळे पसरले नाही, त्यामुळे ठोंबांमधली माती दिसत होती. अखेर पहिल्याच उत्तरातला सल्ला मानून त्या भागावर सतरंज्या अंथरल्या.

उंटावरचा_शहाणा (१६ डिसेंबर, सकाळी १०.०४)

या धाग्यावरचा एकमेव अचूक सल्ला माझा ठरला, याची मातीमोल यांनी नोंद घ्यावी.

संगमकाठ (५ जून, रात्री १०.१५)

धागा वर काढतो आहे. परवा संध्याकाळी वळीव कोसळला आणि मातीमोल यांचे शब्द आठवले. काल पावणेआठला बांधावरच्या कडुलिंबाखाली उभा राहिलो, तर डोक्यावर माशांच्या मोहोळासारखी घरघर सुरू होती. तपकिरी भुंगेरे पाल्याला लगडले होते. खाली जुनी चादर अंथरली, माळीबुवांनी आकडीने फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्याच्या घमेल्यात टाकले. काल २१२, आज ९४. शेजाऱ्यांनाही बोलावले होते, त्यांनी उसाच्या कडेच्या दोन बाभळींवर हेच केले आणि त्यांचा आकडा आमच्याहून मोठा आहे.

मातीमोल (५ जून, रात्री १०.४०)

पाला खात आहेत, म्हणजे होलोट्रायकिया. उत्तम. वळवाच्या प्रत्येक सरीनंतर तीन-चार रात्री हेच करा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मेटारायझियम घाला आणि एक पट्टा सोडा. शेवंतीताईंनाही आठवण करून देतो.

शेवंती_सासवड (६ जून, सकाळी ७.२०)

आठवण आहे. पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत.

एडिसनकर (६ जून, सकाळी ८.१०)

आमच्याकडे भुंगेरे दोन-तीन आठवड्यांत निघतील. चादरीची कल्पना मी उचलतो आहे. आमचे भुंगेरे दिवसा गुलाबावर बसतात, म्हणजे मला विजेरीही लागणार नाही.

उंटावरचा_शहाणा (६ जून, सकाळी ९.००)

आणि यंदाचा किल्ला कुठे? गच्चीवर का?

संगमकाठ (६ जून, सकाळी ९.२०)

त्याच जागी. नातीने आत्ताच बजावून ठेवले आहे, या वेळी राजगड आहे आणि त्याला जागा जास्त लागते म्हणे. फाटकाजवळचा सहा फूट बाय पाच फुटांचा चौकोन आम्ही गवताशिवायच ठेवला आहे.